महिन्याचा खर्च मोबाइलवर आटोक्यात कसा आणायचा: नागपूरकरांसाठी अगदी सुरुवातीपासून

घरात साखर संपली म्हणून ॲप उघडलं. साखर ४८ रुपयांची. वर पट्टी आली, ‘आणखी १५१ रुपयांची खरेदी करा, डिलिव्हरी मोफत’. म्हणून बिस्किटं टाकली, चिवडा टाकला, फेसवॉश टाकला. हाताळणी शुल्क धरून बिल झालं २१२ रुपये आणि खाली हिरव्या अक्षरांत लिहून आलं, ‘तुम्ही ६४ रुपये वाचवले’. खरं पाहता त्या दिवशी ४८ रुपयांच्या जागी २१२ रुपये गेले. चिवडा हवाच होता की नाही, हे ॲपला ठाऊक नसतं. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

म्हणून या लेखापुरता बचतीचा अर्थ एकच धरा: महिना संपताना खात्यात मागच्या महिन्यापेक्षा जास्त उरलेले रुपये. कूपन, स्क्रॅच कार्ड, नाणी, पॉइंट यांतलं काहीही त्यात मोजू नका. कामाचा क्रमही उलटा ठेवा. बहुतेक जण कूपन शोधण्यापासून सुरुवात करतात. आधी पैसा कुठं जातो ते बघा, मग वीज, रिचार्ज आणि आपोआप कापली जाणारी वर्गणी यांसारखी ठरलेली बिलं नीट लावा. ही कामं एकदाच करायची आणि त्यांचा फायदा दर महिन्याला मिळत राहतो. किराणा त्यानंतर. कूपन सगळ्यात शेवटी.

आधी तीस दिवसांची नोंद

शक्य असेल तर पगाराचं खातं आणि खर्चाचं खातं वेगळं करा. घरात एखादं जुनं बचत खातं पडून असतंच. त्याला यूपीआय जोडा आणि १ तारखेला ठरलेली रक्कम तिकडे वळती करा. यूपीआय ॲप एकच ठेवा. तीन ॲपमधून पैसे दिले की हिशोब तीन ठिकाणी फुटतो आणि आठवड्याभरात नोंद ठेवायचा कंटाळा येतो.

चहा, पानठेला, तर्री पोहे, भाजी, ऑटो अशा बारीक खर्चासाठी यूपीआय लाइट चालू करा. ही फोनमधली छोटी पेटी आहे. तिच्यात एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. तिचा उपयोग पाकिटासारखा करा. सोमवारी सकाळी १,००० किंवा १,२०० रुपये टाका, ते आठवडाभर पुरवा. इथं एक गोष्ट नक्की तपासा: ‘ऑटो टॉप-अप’ बंद आहे ना? ते चालू राहिलं तर पेटी रिकामी झाली की खात्यातून आपोआप भरते आणि मर्यादा घालण्याचा हेतूच संपतो. लाइटमधले छोटे खर्च बँकेच्या पासबुकात दिसत नाहीत, तिथं फक्त पेटीत टाकलेली रक्कम दिसते. ती ‘किरकोळ’ म्हणून एकाच ओळीत धरा. फोन बदलण्याआधी किंवा रीसेट करण्याआधी लाइटमधली शिल्लक खात्यात परत घ्या, नाहीतर ती सोडवून घेण्यात वेळ जातो. या व्यवहारांना पिन लागत नाही, त्यामुळे ॲपला आणि फोनला लॉक असायलाच हवं.

आता नोंद. त्यासाठी महागडं ॲप लागत नाही. फोनमधल्या शीटमध्ये चार रकाने पुरतात: तारीख, रक्कम, कशावर, गरजेचं की सहज. वर्गही सहाच ठेवा: किराणा-भाजी, बाहेरचं खाणं, प्रवास, बिलं-रिचार्ज, औषधं, इतर. वीस वर्ग केले की प्रत्येक खर्च कुठं टाकायचा याचाच विचार करत बसावं लागतं आणि दहाव्या दिवशी नोंद सुटते. रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं, एवढंच.

तयार खर्च-नोंदणी ॲप घ्यायचं असेल तर हातानं नोंद करायची सोय असलेलं घ्या. एसएमएस वाचून आपोआप नोंद करणारी ॲप सोयीची वाटतात, पण त्यांना सगळे मेसेज वाचायची परवानगी लागते आणि त्या मेसेजमध्ये बँकेचे ओटीपीही असतात. शिवाय ती चुकतातही. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले पैसे खर्च म्हणून धरतात, क्रेडिट कार्डावरची खरेदी एकदा आणि कार्डाचं बिल भरलं की तीच रक्कम पुन्हा, अशी दोनदा मोजतात. एटीएममधून काढलेले २,००० रुपये ‘इतर’मध्ये जाऊन बसतात, ते कशावर गेले ते कळत नाही.

तीस दिवसांनी प्रत्येक वर्गाची बेरीज करा. ‘सहज’ लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढा. पुढं काय काय करायचं ते या दोन आकड्यांवरूनच ठरवा. बाहेरच्या खाण्यावर महिन्याला ६०० रुपये जात असतील तर तिथं डोकं लावण्यात अर्थ नाही. ४,००० जात असतील तर तिथूनच सुरुवात करा.

वीज: उन्हाळ्याआधी लावून घ्यायचं काम

नागपुरात एप्रिल-मेचं वीज बिल हिवाळ्याच्या कितीतरी पट येतं, म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच करून टाका.

महावितरणचं ॲप घ्या आणि बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक जोडा. भाड्याच्या घरात मीटर मालकाच्या नावावर असलं तरी क्रमांक जोडून बिल बघता आणि भरता येतं. यानंतर तीन सवलती घ्यायच्या. कागदी बिलाऐवजी ई-बिल निवडलं की गो-ग्रीनचे महिन्याला १० रुपये, म्हणजे वर्षाला १२० रुपये. बिलाच्या तारखेपासून ७ दिवसांत भरलं तर सुमारे १ टक्का सूट. त्यासाठीची तारीख आणि कमी झालेली रक्कम बिलावर छापलेली असते. ऑनलाइन भरणाऱ्याला ०.२५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. टक्केवारी कर आणि शुल्क सोडून मोजली जाते, त्यामुळे २,४०० रुपयांच्या बिलावर तिन्ही मिळून साधारण ३५ रुपये सुटतात. आकडा लहान आहे, पण तो काही न करता मिळतो. उलट मुदत चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो, म्हणजे याच बिलावर जवळपास ३० रुपये. सवलत हुकली आणि दंडही बसला तर दोन्हींतला फरक साठीच्या घरात जातो.

बिल दुसऱ्या पेमेंट ॲपमधून भरत असाल तर ‘पे’ दाबण्याआधी दोन गोष्टी बघा. दाखवलेली रक्कम लवकर भरण्याच्या कमी रकमेशी जुळते का, आणि त्यात एक-दोन रुपयांचं सुविधा शुल्क मिसळलेलं नाही ना.

खरा पैसा मात्र युनिटमध्ये आहे. बिलाचे दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्प्याटप्प्यानं चढतात. ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, असा समज घराघरांत आहे. तसं होत नाही. ३०१ व्या युनिटपासून पुढचेच युनिट चढ्या दरानं लागतात. म्हणजे ३१० युनिट झाले तर घाबरायचं कारण नाही, पण ४५० झाले तर शेवटचे १५० युनिट कशानं जळाले हे शोधण्यात खरा फायदा आहे, कारण तेच सगळ्यात महाग पडलेले असतात.

ते शोधायची पद्धत सोपी आहे. दर रविवारी सकाळी मीटरवरच्या केडब्ल्यूएच आकड्याचा फोटो काढा आणि आधीच्या रविवारचा आकडा त्यातून वजा करा. साधा डेझर्ट कुलर साधारण १८० वॅट घेतो. दिवसाला १२ तास चालला तर २ युनिटच्या थोडं वर, महिन्याला सुमारे ६५ युनिट. दीड टनाचा एसी ८ तास चालला तर यंत्राच्या प्रकारानुसार आणि बाहेरच्या उन्हानुसार एका दिवसात ६ ते १० युनिट घेतो. ज्या आठवड्यात आकडा अचानक फुगला त्या आठवड्यात घरात काय जास्त चाललं ते चार आठवड्यांत लक्षात येतं. घरी स्मार्ट मीटर बसलं असेल तर ॲपमध्येच वापर दिसतो आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापराला सवलत मिळते. अशा घरात कपड्यांचं मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर दिवसाच चालवा.

बिलावर मीटरचा फोटो आणि मीटरची स्थिती असते. तिथं ‘नॉर्मल’ऐवजी ‘लॉक’, ‘आरएनए’ किंवा ‘फॉल्टी’ लिहिलं असेल तर ते बिल रीडिंगवरून आलेलं नाही, सरासरीनं लावलेलं आहे. सरासरीची बिलं दोन-तीन महिने साचली की पुढं एकदम मोठी रक्कम अंगावर येते. त्याच दिवशी ॲपमधून किंवा १९१२ वर तक्रार करा, चालू रीडिंगचा फोटो जोडा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

किराणा: किमतीआधी वजन वाचा

इथं सगळ्यात जास्त चुका होतात आणि सुटणारा पैसाही इथंच जास्त आहे.

तेलाची थैली घ्या. पूर्वी एक लिटर म्हटलं की एक लिटर. एक लिटर सोयाबीन तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. २०२२ पासून ठरावीक वजनाच्याच पुड्या काढायचं बंधन उठलं आणि आता सारख्याच दिसणाऱ्या थैल्यांत ८५०, ८१० किंवा ७५० ग्रॅम तेल असतं. ॲपच्या छोट्या चौकटीत त्या हुबेहूब दिसतात. समजा एक थैली १३७ रुपयांना आहे, ९१० ग्रॅमची. दुसरी १२८ रुपयांना, ८१० ग्रॅमची. दुसरी ९ रुपयांनी स्वस्त वाटते. आता १०० ग्रॅमचा भाव काढा: पहिली १५ रुपये ५ पैसे, दुसरी १५ रुपये ८० पैसे. म्हणजे स्वस्त वाटणारी थैली किलोमागे साडेसात रुपयांनी महाग. इतवारीत डबा घेतानाही हेच लक्षात ठेवा. ‘१५ किलो’चा डबा आणि ‘१५ लिटर’चा डबा वेगळे, लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास तेल असतं. दुकानदाराला नेमका प्रश्न विचारा, ‘किलोचा आहे का लिटरचा?’

पाकिटावर आता ‘युनिट सेल प्राइस’ म्हणजे ग्रॅम, किलो किंवा मिलिलिटरमागचा भाव छापलेला असतो. ॲपमध्ये तो वस्तूवर टिचकी मारून खाली गेल्यावर सापडतो. मात्र तो एमआरपीवरून काढलेला असतो, म्हणून सवलतीचा भाव स्वतःच काढा. रुपये भागिले ग्रॅम, गुणिले १,०००. फोनमधला कॅल्क्युलेटर पुरे.

पुढची पायरी म्हणजे ‘घरचा भाव’ यादी. तुमच्या घरात दर महिन्याला येणाऱ्या बारा-पंधरा वस्तू लिहा: तूरडाळ, तेल, साखर, पोहे, फल्लीदाणे, चहापत्ती, कपड्यांची पावडर, अंगाचा साबण, टूथपेस्ट वगैरे. प्रत्येकीपुढं तुमच्या नेहमीच्या किराणा दुकानाचा किलोचा भाव लिहा. हीच तुमची मोजपट्टी. ॲपवर ‘४० टक्के सूट’ दिसली की टक्के बघायचे नाहीत, या यादीतला आकडा बघायचा. सुकामेवा, कपड्यांची पावडर, शाम्पू यांच्यावरची एमआरपी बऱ्याचदा इतकी चढी असते की निम्म्या भावातही ते इतवारीपेक्षा महाग पडतात. यादी दर दोन महिन्यांनी ताजी करा.

गहू, तांदूळ आणि तूरडाळ यांच्यासाठी मात्र ॲपच्या नादी लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्षाचं धान्य भरायची नागपूरकडची जुनी रीत अजूनही सगळ्यात स्वस्त पडते. मार्च ते मेच्या दरम्यान इतवारीत किंवा कळमन्याजवळ लोकवन-शरबती गहू आणि चिन्नोर, जय श्रीराम तांदूळ कट्ट्यानं घेतला की ॲपवरच्या पाच-पाच किलोच्या पिशव्यांशी त्याची बरोबरी होत नाही. घरात जागा कमी असेल तर दोन-तीन घरांनी मिळून कट्टा घ्या आणि पैसे यूपीआयनं वाटून घ्या.

भाजीचा भाव पडताळायचा असेल तर ॲगमार्कनेटवर महाराष्ट्र, मग नागपूर असं निवडून बाजार समितीचे ठोक भाव बघता येतात. ते क्विंटलचे असतात, म्हणून १०० नं भागा. कांदा २,००० रुपये क्विंटल असेल तर ठोक भाव २० रुपये किलो. वाहतूक, हमाली, सडका माल आणि विक्रेत्याची मजुरी धरून बाजारात तो ३० ते ३५ ला मिळणं रास्त आहे. ॲपवर ५० दिसला तर त्या दिवशी कॉटन मार्केट किंवा जवळचा आठवडी बाजार गाठा. सांबार, पालक, मेथी ॲपवरून घेऊच नका. शंभर ग्रॅमच्या पिशवीचा भाव किलोत बदलून बघितला की कारण कळेल.

ब्लिंकिट, इन्स्टामार्टसारख्या झटपट पोहोचवणाऱ्या ॲपचा उपयोग ठरलेल्या वेळीच करा: पाहुणे दारात आहेत, दूध फाटलं, घरात आजारी माणूस आहे. तेव्हाही बिलाची शेवटची ओळ आधी वाचा. हाताळणी शुल्क, डिलिव्हरी शुल्क, कमी खरेदीचं शुल्क आणि पाऊस असेल तर पावसाचं शुल्क, हे सगळं वस्तू निवडून झाल्यावर जोडलं जातं. १८० रुपयांच्या सामानावर ५५ रुपये शुल्क म्हणजे तुम्ही तीस टक्के जास्त मोजले. दोन ॲपची तुलना करायची तर तीच यादी दोन्हीकडे टोपलीत टाका आणि पैसे भरायच्या आधीची अंतिम रक्कम बघा. एकेका वस्तूचे भाव ताडून काही कळत नाही. एक ॲप तेल स्वस्त दाखवून शुल्क जास्त लावतं, दुसरं उलटं करतं.

टोपलीत न मागता आलेली वस्तू, दान किंवा विमा. ‘फक्त २ शिल्लक’ अशी खोटी घाई. शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क. सहज घेता येणारी पण सहज रद्द न होणारी वर्गणी. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ फसव्या पद्धती नावानिशी सांगून त्यांना मनाई केली आहे. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे परत मिळणार असतील तेव्हा ‘वॉलेटमध्ये’ आणि ‘मूळ खात्यात’ असे दोन पर्याय येतात. मूळ खातंच निवडा. वॉलेटमधला पैसा पुन्हा त्याच दुकानात खर्च करावा लागतो.

माल आला की डिलिव्हरीवाला दारात असतानाच वजन आणि संपण्याची तारीख बघा. भाजी खराब असेल तर लगेच फोटो काढून तक्रार टाका. दुसऱ्या दिवशी टाकलेली तक्रार बहुतेक वेळा ऐकली जात नाही.

बाहेरचं खाणं

मागवून खाताना ॲपवरचा मेन्यू आणि हॉटेलातला मेन्यू यांचे भाव ताडून बघा. बहुतेक ठिकाणी ॲपवर ते चढे असतात, कारण हॉटेलला ॲपला कमिशन द्यावं लागतं. त्यावर प्लॅटफॉर्म शुल्क. २०२३ मध्ये ते २ रुपयांपासून सुरू झालं आणि नंतर दहाच्या वर गेलं. सावजीचं मटण दोन-तीन किलोमीटरवरून आणायचं असेल तर फोन करून पार्सल सांगा आणि जाऊन आणा. चार माणसांच्या जेवणात दीड-दोनशे रुपयांचा फरक सहज पडतो. या ॲपच्या सूचना म्हणजे नोटिफिकेशन मात्र आजच बंद करा. संध्याकाळी सातला आलेली ‘भूक लागली का?’ ही ओळच निम्म्या ऑर्डरींचं कारण असते.

औषधं

घरात बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या रोजच्या गोळ्या असतील तर ‘जनऔषधी सुगम’ हे सरकारी ॲप घ्या. त्यात औषधाचं मूळ नाव टाकलं की जनऔषधी केंद्रातली किंमत आणि जवळचं केंद्र दिसतं. मूळ नाव पत्त्यावर बारीक अक्षरांत असतं, कंपनीनं दिलेल्या मोठ्या नावाखाली. दुसरं सरकारी ॲप ‘फार्मा सही दाम’. त्यात नियंत्रित औषधाची कमाल किंमत कळते आणि दुकानदारानं जास्त घेतले का ते तपासता येतं.

तुलना करताना तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत: मूळ नाव, ताकद (५०० मिलिग्रॅमची जागा १,००० नं घेता येत नाही) आणि नावापुढचं एसआर, ईआर, एक्सएल यांसारखं शेपूट. हळूहळू विरघळणारी गोळी आणि साधी गोळी या वेगळ्या असतात. भाव एका गोळीचा काढा, कारण कुठं पत्ता १० चा असतो तर कुठं १५ चा. थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. त्यात मात्रेचा थोडा फरकही जड जातो. मेडिकल, मेयो किंवा खाजगी, कुठलीही चिठ्ठी असो, डॉक्टरांना ‘मूळ नाव लिहून द्या’ असं म्हणायला संकोच करू नका.

प्रवास

मेट्रोच्या दोन्ही मार्गिका, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, डिसेंबर २०२२ पासून पूर्ण सुरू आहेत आणि दोन्ही बर्डीला भेटतात. तिकीट ॲपवरून काढता येतं, पण रोज जाणाऱ्यानं महाकार्ड घ्यावं, त्यावर भाड्यात १० टक्के सूट असते. विद्यार्थ्यांसाठी सवलत याहून जास्त आहे. परवडतं का हे असं बघा: लिटरला ४५ किलोमीटर देणारी दुचाकी आणि १०५ रुपयांचं पेट्रोल धरलं तर किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या थोडं वर. बर्डी-खापरी जाऊन-येऊन २४ किलोमीटर धरले तर ५६ रुपये, पार्किंग वेगळं. मेट्रोच्या भाड्यात स्टेशनपासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या ऑटोचे पैसेही धरा. तिथंच गणित बिघडतं. स्टेशनपासून चालत जाता येत असेल तर मेट्रो जवळपास नेहमीच जिंकते.

वर्धा, काटोल अशी रेल्वेची ये-जा असेल तर रेलवन ॲपमधल्या आर-वॉलेटनं अनारक्षित तिकीट काढल्यास ३ टक्के सूट मिळते. चारचाकीनं वरचेवर टोल लागत असेल तर फास्टॅगचा वार्षिक पास बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, असा सुरू झाला. तो फक्त खाजगी गाडीला आणि राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धी महामार्ग राज्याचा आहे, तिथं चालत नाही. मुंबईकडे समृद्धीनं जाणाऱ्या कितीतरी लोकांचा इथं गोंधळ होतो. आधी फास्टॅगच्या वर्षभराच्या स्टेटमेंटमधून राष्ट्रीय महामार्गाच्या टोलची बेरीज काढा. ती पासच्या किमतीपेक्षा जास्त असेल तरच पास घ्या.

रिचार्ज, गॅस आणि आपोआप कापले जाणारे पैसे

२८ दिवसांच्या पॅकमध्ये वर्षाला १२ ऐवजी १३ रिचार्ज होतात. समजा पॅक २९९ चा आहे, तर दिवसाला १० रुपये ६८ पैसे. ८४ दिवसांचा ८५९ चा पॅक दिवसाला १० रुपये २३ पैसे, शिवाय डेटाही जास्त. पॅक असे दिवसाच्या भावानं ताडून बघा. रिचार्ज मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून करा, कारण काही पेमेंट ॲप त्यावर शुल्क लावतात. आई-बाबांच्या साध्या फोनसाठी डेटासकटचा पॅक भरत असाल तर थांबा. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅकही ठेवावा लागतो. तो ॲपच्या पहिल्या पानावर सहसा नसतो, खाली जाऊन शोधावा लागतो.

गॅस सिलिंडरचे पैसे कंपनीच्या ॲपवर बुक करतानाच भरा. घरपोच आणण्याचा खर्च किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे दारात वेगळे वीस-तीस रुपये द्यायचं बंधन नाही. डिलिव्हरीचा कोड सिलिंडर हातात आल्यावरच सांगा.

ऑटोपे मात्र बारकाईनं बघा. ‘१ रुपयात ७ दिवस’ म्हणून दाबलेलं बटण म्हणजे पुढच्या शेकडो रुपयांच्या वर्गणीला दिलेली लेखी परवानगी असते. ॲप फोनमधून काढून टाकलं तरी ती परवानगी जिवंत राहते. यूपीआय ॲप उघडा, प्रोफाइलवर जा, ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ निवडा. चालू असलेली यादी दिसेल. नको ते उघडून ‘रद्द करा’ दाबा आणि पिन टाका. तसंच प्ले स्टोअरमध्ये ‘सदस्यत्वे’ आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरच्या स्थायी सूचना बघा, कारण तिन्ही याद्या वेगवेगळ्या असतात. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. ती जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवते, म्हणून मोठ्या वर्गणीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

‘आता घ्या, नंतर भरा’ हा पर्याय सुरूच करू नका. तो असला की महिन्याची मर्यादा डोळ्यांसमोरून नाहीशी होते आणि हप्ता चुकला तर दंड लागतो, क्रेडिट स्कोअरही उतरतो.

एका चुकीत वर्षाची बचत जाऊ नये म्हणून

पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. ‘आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज महावितरण वैयक्तिक नंबरवरून पाठवत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, मग ती चलनाची असो, लग्नपत्रिकेची असो की बँकेची, उघडू नका. कॅशबॅक मिळवून देण्यासाठी कुणी स्क्रीन दाखवायला सांगितली तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासात कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. त्यानंतर बँकेला कळवा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा.

उरलेली रक्कम लगेच हलवा

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी सहा वर्गांची बेरीज पहिल्या महिन्याशी ताडून बघा. वीज, रिचार्ज, वर्गणी आणि किराणा मिळून समजा ९०० रुपये कमी गेले. ते खर्चाच्या खात्यातच राहिले तर तिसऱ्या महिन्यात कशात गेले ते कळणारही नाही. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या ॲपमधून आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, उघडा. पोस्टाची आरडी महिन्याला १०० रुपयांपासून पाच वर्षांसाठी उघडता येते आणि पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं असेल तर तिचा हप्ता मोबाइलवरून भरता येतो. ९०० वाचले म्हणून ९०० चा हप्ता लावू नका, ६०० चा लावा. एप्रिल-मेच्या बिलातही तो चुकता कामा नये. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन दिवसांची ठेवा.